तीन नंबरचा उतार

हमदुल्ला सरगुरोह कुणालाच आवडत नसे. कॅम्पात आम्ही बाणकोटपासून म्हसळ्यापर्यंतचे आठ कोकणी होतो. सात जण एका मोठ्या ताटाभोवती बसून जेवायचे, आणि हा आपली थाळी घेऊन बाहेर पाण्याच्या पिंपाशेजारी. "तुमच्या गप्पा ऐकत जेवलं की मला अन्न पचत नाही," असं त्याने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. गप्पा कसल्या, तर कोण घरी किती मोठी नोकरी लिहून कळवतो याच्या. भांडी घासणारा तय्यब गावात 'केटरिंग मॅनेजर' होता. मी टाईपिस्ट, म्हणजे अर्थातच सेक्रेटरी.

ही १९६३ सालची गोष्ट. तेव्हा तिथे यूएई नावाचा देश नव्हता. समुद्राकाठी शेखांची सात छोटी राज्यं, मध्ये वाळू, आणि सगळ्यांवर नजर ठेवून असलेले इंग्रज. दुबईहून रास अल खैमाला यायला सडक नव्हती. ओहोटीची वेळ बघून लँड रोव्हर समुद्राच्या काठाकाठाने हाकायची, उम्म अल कुवैन मागे पडलं की निम्मं आलो असं समजायचं, आणि चाक रुतलं की सगळ्यांनी उतरून ढकलायचं. आमचं खातं शेतीपाण्याचं. खजुराच्या बागेच्या कडेला झावळ्यांच्या चार खोल्या, एक जनरेटर आणि एक टाईपरायटर. वारा सुटला की टाईपरायटरच्या बटणांखाली वाळू जायची आणि 'ई' उठायचा नाही. आमच्या खात्याचे कितीतरी रिपोर्ट 'ई'वाचून गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

हमदुल्ला पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात जंगलखात्यात गार्ड होता. त्याने एका ठेकेदाराला सागाचे चोरटे ओंडके नेताना पकडलं, बैलगाडीसकट मोठ्या साहेबाच्या दारात उभं केलं, आणि तिथे त्याला कळलं की ओंडके साहेबाच्याच नव्या घरासाठी चालले होते. नोकरी गेली. त्यानंतर खुर्चीवर बसलेला कुठलाही माणूस दिसला की याच्या ओठाचा एक कोपरा खाली वळायचा. उंच, काटकुळा, चाळिशीचा, दाढी बारीक कापलेली. बायको कुबरा आणि दोन मुली गावी. आठवड्याला एक पत्र लिहायचा, त्यात काय लिहायचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमचा साहेब हॅलम नावाचा इंग्रज. गोरा, गोलसर, उन्हात कोळंबीसारखा लाल व्हायचा. दुसऱ्या कुठल्याशा देशात त्याने म्हणे हजारो एकरांवरची झुडपं ट्रॅक्टरला साखळ्या लावून उपटली होती आणि तिथे गुरांसाठी कुरणं केली होती. त्या कुरणाचा फोटो त्याच्या टेबलावर असे. बायकोचा फोटो खणात. इथल्या डोंगरांवर पण तसंच काही करायचं त्याच्या मनात होतं. पण आधी डोंगरावर काय उगवतं याची मोजणी हवी, असं वरून आलेल्या कागदात लिहिलं होतं. त्या मोजणीसाठी हमदुल्लाला घेतलं.

रास अल खैमाच्या मागचे डोंगर म्हणजे नुसता दगड. आपल्या सह्याद्रीसारखं अंगावर काही नाही. पायथ्याच्या ओढ्यांत बाभळीसारखी समरची झाडं, आणखी वर चढलं की चिकाची, बिनपानांची, काड्यांची झुडपं. असं करत करत चार हजार फुटांवर गेलं की उताराचा रंगच बदलतो. तिथे शीह लागतं. गुडघ्याएवढं, राखाडी, वाळल्यासारखं दिसणारं झुडूप. पण पान चुरगळून नाकाशी नेलं तर थेट आपल्या दवण्याचा वास. दवण्याच्याच कुळातलं ते. दोन झुडपांच्या मध्ये हात-दीड हात मोकळी जमीन, जणू कुणी दोरी धरून लावलेली. खाली पाणी इतकं थोडं की एकाच्या मुळांनी दुसऱ्याला जवळ येऊ द्यायचं नाही, असा कारभार.

हमदुल्लाने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो हसला म्हणे. खाली आल्यावर मला म्हणाला, "शौकत, ज्याला बकरी तोंड लावत नाही, ज्याने चहाचं आधण उकळत नाही, त्याची मोजणी करायला हे लोक मला दर्यापार घेऊन आलेत. आमच्याकडे असल्याला केरसुणीतसुद्धा बांधणार नाहीत."

"मग अंदाजाने आकडे द्या ना, हमदुल्लाभाई," मी म्हणालो. "कोण बघायला जातंय?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी टाईपरायटरवरची धूळ पुसायला लागलो. "मला आवडत नाही म्हणून मी खोटं मोजीन असं तुला कुणी सांगितलं?"

मोजणीची रीत अशी. तीन उतार निवडले होते: एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. प्रत्येक उतारावर वीस जागी लोखंडी खुंट्या ठोकून दहा यार्डांचा चौकोन दोरीने आखायचा. त्यातलं एकूण एक झुडूप मोजायचं. उंची किती, जिवंत की मेलेलं, तुऱ्यात बी धरलंय की नाही, हे छापील कागदावर भरायचं. दोन गाढवांवर पाणी आणि पीठ लादून तो चढायचा. चढायला सहा तास लागत. वर दहा-बारा दिवस राहायचा आणि कागदांचा गठ्ठा घेऊन उतरायचा. हॅलमसाहेब पहिल्या महिन्यात एकदा त्याच्याबरोबर गेला होता. निम्म्या वाटेवर पाय मुरगळला म्हणाला. त्यानंतर दुर्बीण आणि जीप. उंटावरून शेळ्या हाकणे हे मी लहानपणी शाळेत शिकलो होतो. ते प्रत्यक्ष बघायला उंटांच्या मुलखात यावं लागलं, आणि साहेबाला तर उंटावरही बसता येत नव्हतं.

वर, तीन नंबरच्या उताराखाली, दगडी घरांची एक वाडी होती. आठ घरं, पावसाचं पाणी साठवायची एक टाकी, आणि बांध घालून केलेली जवाची चिंचोळी शेतं. ती माणसं हिवाळ्यात वर राहायची, उन्हाळ्यात खाली खजुराच्या बागांत उतरायची. तिथे मौझा नावाची म्हातारी शेळ्या वळायची. हमदुल्लाला आयुष्यात तोडीस तोड भेटलेली ती एकच बाई. तिने त्याला दोन दिवस दुरून पाहिलं, तिसऱ्या दिवशी सरळ चौकोनात येऊन उभी राहिली आणि काठीने दोरी उचलून म्हणाली, "एवढा बाप्या गडी, झुडपं मोजतोस? त्यांची लग्नं लावायचीत?"

"तुझ्या शेळ्या मोजू का मग?" हमदुल्ला म्हणाला. एवढं अरबी त्याला यायला लागलं होतं.

"शेळ्या मला तोंडपाठ आहेत. तुला काय येतं ते सांग. मोजलंस, पण आत बघितलंस का?"

"आत काय बघायचं? कडू पाला."

म्हातारीने काठीने एका झुडपाच्या फांद्या बाजूला केल्या. आत बोटभर मऊ माती साचली होती, वाऱ्याने आणून टाकलेली. त्या मातीत गवताचा हिरवा ठोंब. शेजारी दुसऱ्या कसल्याशा पानांची दोन रोपं. मग तिने काठी बाहेरच्या उघड्या जमिनीवर आपटली. तिथेही गवताचे ठोंब होते, पण मुळापर्यंत खुरटलेले, दातांनी घासून काढलेले.

"शेळीला कडू लागतं म्हणून ती तोंड आत घालत नाही," मौझा म्हणाली. "आतलं गवत बी धरतं, बी बाहेर पडतं, माझी शेळी बाहेरचं खाते. हे नसतं तर तिने पहिल्याच वर्षी सगळं संपवलं असतं. शेळीला उद्या कळत नाही. तुम्हाला पण कळत नाही वाटतं?"

हे मला हमदुल्लाने स्वतः सांगितलं, आणि सांगताना तो म्हातारीवर चिडलेलाच होता. वर्षभर आपण झुडपं बाहेरून मोजली, हा त्याला अपमान वाटत होता. त्याने काय करावं? तिन्ही उतारांवरचे साठच्या साठ चौकोन पुन्हा मोजायला घेतले. छापील कागदाच्या कडेला हाताने एक जादा रकाना आखला: 'आत गवत'. एक नंबरच्या एका चौकोनाचा कागद मला अजून आठवतो, कारण तो टाईप करताना मी वैतागलो होतो. झुडपं अडतीस. त्यातल्या एकतीसांच्या आत गवत. उघड्या जमिनीवर गवताचे ठोंब चार, चारही खाल्लेले. पुढे शेरा: उत्तरेकडच्या अंगाला झुडपं दाट, कारण तिथे दुपारचं ऊन कमी आणि दव टिकतं. दक्षिणेकडच्या अंगाला विरळ. उन्हाळ्यात झुडूप मेल्यासारखं दिसतं, मेलेलं नसतं. पाला गाळून पाणी वाचवतं. काडी मोडून बघावी, आत ओली असते. नवी रोपं जवळजवळ नाहीतच. चांगला पाऊस झाला त्याच वर्षीची, तीही जुन्या झुडपाच्या सावलीत.

हे सगळं त्याने जंगलखात्यातल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं. आणि मी काय केलं, तर साहेबासाठी गोषवारा टाईप करताना तो जादा रकाना गाळला. पानावर मावत नव्हता. खरं सांगायचं तर मावला असता; पान आडवं घालावं लागलं असतं, आणि मला आळस आला.

१९६५ च्या सप्टेंबरात हॅलमसाहेबाने निर्णय जाहीर केला. तिन्ही उतार साफ करायचे. जनावरांना निरुपयोगी असं हे झुडूप जमिनीतलं पाणी पितं आणि गवताला वाढू देत नाही. ते मुळासकट काढून बाहेरून आणलेलं गवताचं बी पेरायचं. दोन वर्षांत कुरण. भिंतीवर नकाशा, नकाशावर हिरवा खडू.

हमदुल्ला दारात उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "सर, गवत त्या झुडपांमुळेच आहे," तो म्हणाला. "मी लिहिलंय."

"कुठे लिहिलंय?" साहेबाने माझा गोषवारा उलटसुलट केला. त्यात काही नव्हतं. हमदुल्लाने माझ्याकडे पाहिलं. मी पेन्सिलीला टोक करत होतो. टोक आधीच केलेलं होतं.

"ओरिजिनल शीट्स बघा, सर. कपाटात आहेत."

"सरगुरोह," साहेब हसत म्हणाला, "तू फार छान मोजतोस. मोजायचं काम तुझं. विचार करायचं माझ्यावर सोड."

जेवणाच्या वेळी तय्यबने ही गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली. आमच्या लोकांना केवढी करमणूक! 'झुडूपवाला' हे नाव त्याच दिवशी पडलं. साहेबाचा सल्लागार व्हायला निघाला होता, केरसुणीचा वकील झाला, वगैरे. मीही हसलो. न हसण्याचं कारण काय सांगणार होतो?

ऑक्टोबरात तीस मजूर वर गेले. त्यांच्यावर देखरेख ठेवायला हमदुल्लालाच नेमलं, कारण वाट त्यालाच ठाऊक होती. एक नंबर सोळा दिवसांत साफ झाला, दोन नंबर वीस दिवसांत. उपटलेल्या शीहच्या मोळ्या बांधून गाढवांवरून खाली जळणाला आल्या. आमच्या कॅम्पात महिनाभर दवण्याचा वास होता. चपात्यांनाही तोच वास यायचा.

मग एके दिवशी सकाळी मजूर सगळे खाली उतरले आणि त्यांच्या मागोमाग हमदुल्ला. माझ्या टेबलाशी येऊन त्याने रिपोर्ट सांगायला सुरुवात केली. "एक नंबर, साफ. दोन नंबर, साफ. तीन नंबर, साफ."

मी हात थांबवला. "दोन नंबर तर परवा संपला म्हणालात. तीन नंबर दोन दिवसांत झाला?"

"तू टाईप कर."

"हमदुल्लाभाई..."

"आकडे गाळायला तुला कुणी शिकवावं लागलं नाही," तो शांतपणे म्हणाला. "मग एक शब्द घालायला एवढा विचार कशाला? साफ. टाईप कर. खलास."

मी टाईप केलं. सहा वर्षांत मी कितीतरी खोट्या गोष्टी टाईप केल्या, पण तेवढी एक जाणूनबुजून केली, आणि हात मुळीच अडखळला नाही.

मला वाटत होतं की साहेब आठवड्याभरात वर जाईल आणि भांडं फुटेल. हमदुल्लाला तशी भीती नव्हती. मजुरांना उतारांचे नंबर ठाऊक नव्हते, त्यांना त्याने काम संपलं एवढंच सांगितलं होतं. "तो चढणार नाही," तो म्हणाला. "चढणारा असता तर हे करावंच लागलं नसतं." आणि खरोखर, हॅलमसाहेबाने खालच्या ओढ्यातून दुर्बीण लावली, एक नंबरचा बोडका उतार दिसला, आणि तो खूष होऊन परतला. तीन नंबर तिथून दिसतच नव्हता. मध्ये डोंगराची सोंड होती.

गवताचं बी पेरलं. डिसेंबरात बारीक पाऊस झाला, आणि मला कबूल केलं पाहिजे, की उतार हिरवे झाले. साहेबाने एका मजुराला कॅमेरा देऊन फोटो काढून आणवले. पंचवीस दिवस ते हिरवं राहिलं. मग चारी बाजूंच्या वाड्यांतल्या शेळ्या आल्या. त्यांना कुणी कागद दाखवला नव्हता की हे गवत दोन वर्षांनी खायचंय. त्यांनी ते मुळापर्यंत खाल्लं, बी धरायच्या आत. उरलेलं उन्हाळ्याने जाळलं. पुढे शमालचा वारा सुटला आणि झुडपांच्या बुडाशी साचलेली ती बोटभर माती दोन्ही उतारांवरून उडून गेली. वर्षानुवर्षांची माती, एका उन्हाळ्यात. हमदुल्ला मात्र नेमाने चौकोन मोजत होता. एक नंबर: गवत, शून्य. दोन नंबर: शून्य. तीन नंबर: गवत, चौकोनाला एकोणतीस, तीस, तेहेतीस.

नंतरच्या हिवाळ्यात दोन दिवस मोठा पाऊस लागला. आपल्याकडच्या मानाने काहीच नाही, पण तिथे वर्षाचं पाणी एका दुपारी पडतं. दोन नंबरच्या खाली एक वाडी होती, मौझाच्या वाडीसारखीच. उतारावरचे मोकळे दगड आणि चिखल तिच्यावर आला. माणसं वाचली. जवाची सगळी शेतं दगडांखाली गेली, टाकी काठोकाठ गाळाने भरली, सात शेळ्या गाडल्या गेल्या. ती माणसं घरं सोडून खाली आली आणि आमच्या ऑफिससमोर वाळूत दिवसभर बसून राहिली. साहेबाने त्यांना चहा पाठवला. तीन नंबरखाली पाणी आलं, तांबडं गढूळ पाणी, बांध भिजवून निघून गेलं. मौझाने त्या वर्षी जव कापला.

आता कुणालाही वाटेल की एवढ्यावर साहेबाचे डोळे उघडले असतील. रिपोर्ट त्याने मलाच सांगितला, मी शॉर्टहँडमध्ये घेतला. पाऊस 'असाधारण' होता, त्याला इलाज नाही. एक आणि दोन नंबरवर चराईची शिस्त न पाळल्यामुळे अपयश. आणि मग पुढे, आवाज चढवून: "तीन नंबरच्या साफ केलेल्या उतारावर मात्र गवत वर्षानंतरही टिकून आहे, आणि पुराने तिथे काहीही नुकसान झालेलं नाही. यावरून झुडपं काढण्याची पद्धत योग्य असल्याचं सिद्ध होतं. सबब, आणखी चौदा उतार साफ करावेत."

माझा हात थांबला. साहेब म्हणाला, "काय झालं? स्पेलिंग येत नाही?"

मी ते कागद हमदुल्लाला दाखवले. तो पिंपाशेजारी बसून वाचत होता, ओठ हलवत. वाचून झाल्यावर तो हसला. त्याला मोठ्याने हसताना मी तेवढं एकदाच ऐकलं, आणि ते ऐकायला बरं नव्हतं. "माझ्या खोट्यावर हे चौदा डोंगर सोलणार," तो म्हणाला. "एवढी अक्कल मला असायला हवी होती. गाढवाला वाट चुकवली की ते दुसऱ्याच्या शेतात शिरतं."

"गप्प राहा," मी म्हणालो. "बोललात तर नोकरी गेली."

"तू गप्प राहा. तुला जमतं ते."

१९६७ च्या मार्चमध्ये चौदा उतारांना मंजुरी द्यायला बाहेरून दोन अधिकारी आले. साहेब छडीने नकाशा दाखवत होता, मी कोपऱ्यात नोंदी घेत होतो. हमदुल्ला आत आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. हातात त्याची स्वतःची वही.

"तीन नंबरचा उतार साफ केलेला नाही," तो इंग्रजीत म्हणाला. बहुतेक घोकून आला असावा. "एकसुद्धा झुडूप काढलेलं नाही. मी खोटा रिपोर्ट दिला. गवत झुडपांच्या आत आहे. जिथे झुडपं काढली तिथे गवत नाही, माती नाही, आणि खालची वाडी नाही. चौदा उतार काढलेत तर चौदा वाड्या जातील."

हॅलमसाहेबाचा चेहरा नेहमीच लाल असे. आता तो पांढरा झाला. "हा माणूस खोटारडा आहे," तो म्हणाला. "स्वतःच कबूल करतोय. असल्या माणसाच्या शब्दावर..."

"पण मग," दोघांतला म्हातारा अधिकारी चष्मा काढत म्हणाला, "दीड वर्ष हे कुणी तपासलं नाही?"

साहेबाने छडी नकाशावरून खाली घेतली.

"तुम्ही वर शेवटचे कधी गेला होतात, हॅलम?"

"नोव्हेंबरात," साहेब म्हणाला. कुठल्या सालच्या, ते त्याने सांगितलं नाही, आणि त्या सभ्य माणसाने विचारलंही नाही.

त्या क्षणी मी उठून बोलायला हवं होतं. जादा रकाना मी गाळला, मूळ कागद त्या कपाटात आहेत, किल्ली माझ्या खिशात आहे. तीन वाक्यं. मी ती मनात जुळवत होतो तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. तय्यबने कोंबडी केली होती. अधिकाऱ्यांनी ती आवडीने खाल्ली. वर चढून उतार बघावा असं दोघांपैकी कुणालाही वाटलं नाही. सहा तास म्हटल्यावर त्यांनी डोंगराकडे एकदा पाहिलं आणि मीठ मागितलं. संध्याकाळी चौदा उतारांच्या कागदावर शेरा पडला: 'अधिक अभ्यास होईपर्यंत स्थगित.' तो अभ्यास कधीच झाला नाही, म्हणून डोंगर वाचले. हमदुल्ला बरोबर होता असं कुठल्याही कागदावर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकलं. कारण, सरकारी नोंदीत जाणूनबुजून खोटी माहिती भरली. पत्र मीच टाईप केलं. त्यात एकही चूक नव्हती.

तो पेटी बांधत असताना आमचे लोक दाराशी जमले. तय्यबने विचारलं, "आता काय करणार, झुडूपवाले?" कुणाला तरी हसू आलं. हमदुल्लाने पेटीला दोरी आवळली, सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि म्हणाला, "मोजतोय. सात." त्यात मी पण होतो.

तो गावी गेला नाही. उम्म अल कुवैनमध्ये एका बोटवाल्याकडे जाळी आणि दोरखंडांची वखार होती, तिथे राखण करायला राहिला. मी त्याला भेटायला दोन वर्षं गेलो नाही. कामं होती, असं मी म्हणतो.

१९६९ च्या सुरुवातीला हॅलमसाहेबाची बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्याला चांदीची अरबी कॉफीची किटली दिली, आणि भाषणात 'डोंगरांना समजून घेणारा माणूस' असे शब्द होते. मीच लिहिले होते. त्या आठवड्यात मला काय झालं कोण जाणे, मी गाढववाल्याला बरोबर घेऊन वर चढलो. सहा वर्षांत पहिल्यांदा. मला आठ तास लागले. एक नंबर बोडका होता. फक्त कडेकडेने, जुन्या झुडपांच्या लगत, शीहची करंगळीएवढी रोपं आली होती, तीही दगडांच्या फटीत, जिथे थोडी माती अडकली होती तेवढीच. दोन नंबरखाली पडकी घरं. तीन नंबर मी वळसा घालून पाहिला. राखाडी, रुक्ष, काही बघण्यासारखं नाही. म्हातारी मौझा भेटली. मी कोण ते सांगितल्यावर तिने विचारलं, "तो मोजणारा मेला का?" नाही म्हटल्यावर शेळ्या घेऊन पुढे गेली.

खाली उतरल्यावर मी उम्म अल कुवैनला गेलो. हमदुल्ला वखारीच्या दाराशी बसून जाळं विणत होता. दाढी पिकली होती. त्याने मला बसायला सांगितलं नाही. मी आपणहून दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसलो आणि वर काय पाहिलं ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग मी तो रकाना गाळल्याची गोष्ट काढली, चार वर्षं उशिरा.

"मला ठाऊक होतं," तो सुई ओढत म्हणाला. "त्याच दिवशी कळलं."

"मग साहेबासमोर बोलला का नाहीत?"

"तू रकाना ठेवला असतास, तरी त्याने वाचला असता का? उगाच स्वतःला एवढा मोठा समजू नकोस."

मला वाटतं, माफी म्हणून त्याच्याकडे तेवढंच होतं. मी निघताना सांगितलं की हॅलमसाहेब गेला, दुसऱ्या देशात, मोठ्या पदावर.

हमदुल्लाने जाळ्याची गाठ दातांनी आवळली. "तिथे डोंगर असतील," तो म्हणाला, आणि उंबऱ्यावर आलेल्या एका गिऱ्हाइकाला दोरखंड मोजून द्यायला उठला.